१४ वर्षांनी अल्बम आला, तेव्हा ड्रमर जगात नव्हता

मेटल म्हटलं की सुसाट वेग आठवतो. स्लज मेटलचं उलटं आहे. स्लज म्हणजे गाळ, आणि गाणंही गाळातून पाय उपसत चालल्यासारखं. ब्लॅक सॅबथची जड, संथ गिटार आणि हार्डकोअर पंकची चीड एकत्र केली की हा प्रकार तयार होतो. गिटारच्या तारा सैल करून सूर खाली उतरवतात आणि अ‍ॅम्प्लिफायरची कर्कश शिट्टी मुद्दाम राहू देतात.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स हे या संगीताचं मोठं घर. आयहेटगॉड हा तिथलाच, १९८८ चा बँड. नाव बोचरं आहे, गाणी त्याहून बोचरी.

२००० नंतर त्यांचा पूर्ण अल्बम आलाच नाही. मधे २००५ मध्ये कतरिना वादळानं शहर बुडवलं. अखेर नव्या अल्बमचं काम सुरू झालं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ड्रमर जोई लाकेज गेला. वय अवघं ४२.

पण त्याचे ड्रम आधीच रेकॉर्ड झाले होते. बँडनं तेच ठेवले.

संथ गाण्यात दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते. ठोका किंचित मागे ठेवायचा की नेमका, हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. दुसऱ्या कुणाला बसवून ते जमलं नसतं, असं ऐकताना वाटतं.

मे २०१४ मध्ये अल्बम आला. वेगळं नाव नाही, फक्त बँडचंच. पुढे ड्रमवर आरन हिल बसला. त्याच्यासोबतचा पहिला अल्बम यायला २०२१ उजाडलं.