खेकड्यातला फुफ्फुसकृमी प्रयोगशाळेत कसा शोधतात?

पावसाळ्यात नांदेड-लातूरकडे ओढ्याकाठचे आणि बांधावरचे खेकडे घरोघरी येतात. खोकला झाला की खेकड्याचा रस्सा प्या, असंही सांगितलं जातं. नीट शिजलेल्या रश्श्याला हरकत नाही. पण गोड्या पाण्यातला खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाल्ला, तर पॅरागोनिमस हा चपटा कृमी पोटात जाऊन पुढे फुफ्फुसात पोहोचू शकतो. भारतात याचे रुग्ण मुख्यतः मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या ईशान्येकडच्या राज्यांत आढळतात.

खेकड्यात हा कृमी येतो कसा?
रुग्णाच्या थुंकीतून किंवा विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी आधी गोगलगायीत वाढते आणि मग खेकड्यात शिरते. तिथे ती कवचबंद पुटी होऊन कल्ल्यांत किंवा मांसात बसते. पुटी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते, त्यामुळे खेकडा बाहेरून अगदी निरोगी दिसतो.

तपासणी कशी होते?
१. दाबून पाहणे: कल्ले किंवा मांसाचा तुकडा दोन काचपट्ट्यांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पद्धत सोपी आहे, पण पुट्या कमी असतील तर त्या सुटू शकतात.
२. कृत्रिम जठररस: खेकडा ठेचून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात सुमारे ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. मांस विरघळतं, पुटी टिकून राहते. मग द्रावण गाळून, गाळ पुन्हा पुन्हा धुऊन पुट्या वेचतात.
३. डीएनए चाचणी: वेगवेगळ्या प्रजातींच्या पुट्या दिसायला सारख्या असू शकतात. म्हणून पीसीआरने डीएनएचा ठरावीक भाग वाढवून त्याचा क्रम वाचतात आणि प्रजाती ठरवतात. मणिपूरमध्ये पॅरागोनिमस हेटेरोट्रेमस ही प्रजाती माणसाला बाधते, हे खेकड्यांच्या अभ्यासातून समजलं.

लिंबू, मीठ पुरेसं आहे का?
नाही. दुसऱ्या पद्धतीतच त्याचं उत्तर आहे. मांस विरघळवणाऱ्या आम्लातही जी पुटी टिकते, ती लिंबाच्या रसाने मरेल असा भरवसा धरता येत नाही. उष्णता मात्र तिला मारते. आतलं मांस किमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. नुसतं विस्तवावर शेकून कवच लाल झालं, म्हणजे आतून शिजलं असं नाही. कच्चा खेकडा कापलेली सुरी, पाट आणि हातही धुवा.

टीबीशी गल्लत का होते?
दोन्हींत महिनोन्‌महिने खोकला राहतो, थुंकीतून रक्त येतं आणि एक्स-रेवरही डाग दिसतात. टीबीच्या गोळ्या या कृमीवर चालत नाहीत. यावरचं औषध प्राझिक्वांटेल असून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं असतं. मात्र टीबीचे उपचार मनाने बंद करू नका. खोकला हटत नसेल आणि कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खेकडा खाण्यात आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग थुंकीत किंवा विष्ठेत कृमीची अंडी शोधता येतात.