इंजिनाची आवक-जावक

आम्ही कारकून मंडळी जगाकडे आवक-जावक नोंदवहीतून पाहतो. आत काय आले आणि बाहेर काय गेले याचा मेळ बसला की काम झाले. पेट्रोलच्या इंजिनालाही अशी एक नोंदवही असते. कार्बोरेटर ही तिची आवक आणि सायलेन्सर ही जावक. जुन्या पिकअपचा मालक यांतला एकच भाग बदलायला सांगतो, तेव्हा जाणता मेस्त्री दुसराही उघडून पाहतो. तो असे का करतो, याचे उत्तर या दोन भागांच्या इतिहासात आहे.

कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था ही गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली, आणि वाटेत इंधन संपले तेव्हा तिने ते चक्क एका औषधाच्या दुकानातून विकत घेतले. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी व चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने इंधन बारीक तोटीतून फवारण्याची युक्ती पुढे आणली. नळीचा गळा अरुंद केला की हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये मांडलेला हा गुणधर्म शंभर वर्षांनी असा मोटारीच्या कामी आला. एक भार पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पावणेपंधरा भार हवा लागते. हा हिशेब कार्बोरेटर दोन-चार भोके, एक तरंगता फ्लोट आणि एक झडप एवढ्यावर सांभाळत असे.

आता विलिसचा १९४७ चा पिकअप घ्या. त्यात युद्धकाळातल्या जीपचेच चार सिलिंडरांचे इंजिन होते. त्याचा आत घेणारा मॅनिफोल्ड धूर बाहेर टाकणाऱ्या मॅनिफोल्डवरच बोल्टांनी बसवलेला असे. मधली एक झडप थंड इंजिनात धुराची ऊब वर वळवी, म्हणजे पेट्रोल नीट वाफाळे. ती झडप गंजून अडकली, किंवा मॅनिफोल्डला तडा जाऊन वा गॅस्केट फाटून हवा शिरू लागली, तर नवाकोरा कार्बोरेटर बसवूनही गाडी धड चालत नाही. मालक स्क्रू फिरवत बसतो आणि रोग भलतीकडेच असतो.

पुढे जावकेनेच आवकेचे भवितव्य ठरवले. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा मोटारींच्या धुराशी असलेला संबंध हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवला. अमेरिकेत १९७० मध्ये कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पेट्रोलमधले शिसे त्यांना निकामी करी, म्हणून शिसेही हटू लागले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले, आणि २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. कन्व्हर्टरला मिश्रण अगदी काटेकोर लागते. कार्बोरेटरला ते जमेना, म्हणून मोटारींत इंजेक्शन आले. २०२० च्या भारत स्टेज-६ नंतर तर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला.

गोव्यात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. मुक्तीपूर्वी इथे परदेशी मोटारी सहज येत. १९६१ नंतर भारतातले आयात-निर्बंध लागू झाले आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. मग एका गाडीचा भाग दुसरीला बसवणे, जेट घासून मोठे करणे, नळी वेल्डिंगने जोडणे, असे करत गाड्या चालत्या ठेवल्या गेल्या. ती कारागिरी कौतुकाची खरी, पण ती गरजेतून आली होती. जेट मोठे केले की गाडी जोर धरते आणि काळा धूरही ओकते. तो धूर मालकापेक्षा रस्त्याकडेने शाळेत जाणारी पोरे अधिक गिळतात.

आजच्या पेट्रोलने नवा प्रश्न आणला आहे. २०२५ पासून पंपांवर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर व गॅस्केट त्याला टिकत नाहीत, ते ओलावा धरते, आणि जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. म्हणजे मूळ कंपनीचा, पेटीत जपून ठेवलेला भागही जसाच्या तसा बसवून भागत नाही.

म्हणून वाचकहो, जुना पिकअप घरी असेल तर आधी मॅनिफोल्ड आणि नळी तपासावी, गळती बंद करावी, मग कार्बोरेटरला हात घालावा, आणि शेवटी धुराची चाचणी करून घ्यावी. काढलेला मूळ कार्बोरेटर धुऊन, चिठ्ठी लावून ठेवावा. तो आपला वारसा आहे. जुनी गाडी अवश्य जपावी, तिचा जुना धूर जपण्याचे मात्र काहीच कारण नाही.