तरू दालमिया : रेगे गाणारा ‘दिल्ली सल्तनत’

तरू दालमिया हे रेगे आणि डान्सहॉल गाणारे भारतीय गायक व कवी. रंगमंचावर ते ‘दिल्ली सल्तनत’ या नावाने ओळखले जातात. दिल्लीचा ‘द स्का व्हेंजर्स’ बँड, ‘वर्ड साउंड पॉवर’ प्रकल्प आणि ‘बीएफआर साउंड सिस्टिम’ ही त्यांची मुख्य कामे.

रेगे म्हणजे काय?

रेगे हे जमैकाचे संगीत. स्का आणि रॉकस्टेडी या प्रकारांतून ते 1968 च्या सुमारास घडले. ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजणारी गिटार आणि जड बेस ही त्याची खूण. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत स्पीकर रचून उघड्यावरच गाणी वाजवत. एक जण तबकडी लावी, दुसरा माइकवर तालात बोले. हीच साउंड सिस्टिम. आपल्याकडे मिरवणुकीत डीजेची भिंत उभी राहते, तशीच. फक्त इथे माइकवरचा माणूस शाहिरासारखा सद्यःस्थितीवर बोलतो.

बंत सिंग आणि काशीपूर

पंजाबच्या मानसा जिल्ह्यातील दलित गायक बंत सिंग यांनी मुलीवरील बलात्काराविरुद्ध न्यायालयात लढा दिला. त्यानंतर जानेवारी 2006 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. त्यात त्यांनी दोन्ही हात आणि एक पाय गमावला, पण गाणे सोडले नाही. दालमिया आणि संगीतकार ख्रिस मॅकगिनिस यांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत गाणी ध्वनिमुद्रित केली.

पुढचा प्रकल्प ओडिशातील काशीपूरचा. तिथे बॉक्साइट खाणीविरुद्ध आदिवासींचे आंदोलन होते. 16 डिसेंबर 2000 रोजी मैकांच येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी ठार झाले. त्या आंदोलनातली गाणी या प्रकल्पात रेगेच्या बेसवर आली.

गोवा आणि आपला भाग

‘बीएफआर’चे स्पीकर लोकवर्गणीतून उभे राहिले. 2016 मध्ये ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला आणि या संगीताला किनाऱ्यावर हक्काची जागा मिळाली.

काशीपूरची गोष्ट गडचिरोलीला परकी नाही. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिज खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला आहे. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि माडिया-गोंड गावांत आजही रेला गातात. दालमियांच्या कामातून एवढे दिसते, की अशा गाण्याला नवे शब्द पुरवावे लागत नाहीत. ते दूरवर ऐकू जाईल असा स्पीकर आणि गाणाऱ्याचा मान, एवढेच हवे असते.