वृद्ध रुग्णांचे हाल आणि परिचारिकेची जबाबदारी

डोळ्यांदेखत एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाचे हाल होत असतील तर परिचारिकेनं ते वर कळवावं, हे आज आपल्याला उघड वाटतं. साठ वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये ते तसं नव्हतं.

१९६५ च्या जानेवारीत बार्बरा रॉब नावाच्या बाई लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात एका वृद्धेला भेटायला गेल्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांकडे चष्मे नाहीत, कवळ्या नाहीत, कानाची यंत्रं नाहीत. सगळं काढून घेतलेलं. कवळी नाही म्हणजे नीट खाता येत नाही, यंत्र नाही म्हणजे तक्रार कुणाकडे करणार? रॉबबाईंनी 'एजिस' ही संघटना काढली आणि १९६७ मध्ये 'सॅन्स एव्हरीथिंग' हे पुस्तक आणलं. त्यात परिचारिकांचे स्वतःचे जबाब होते. सरकारनं चौकशी समित्या नेमल्या आणि १९६८ मध्ये जाहीर केलं की बहुतेक आरोप निराधार किंवा फुगवलेले आहेत! बोलणाऱ्यांच्या पदरी काय पडलं, ते इतर परिचारिकांनी पाहिलंच असणार.

त्याच सुमारास कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या एका साध्या सहायकानं तिथले प्रकार वर्तमानपत्राला कळवले. या चौकशीचे प्रमुख होते जेफ्री हाऊ, पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झाले तेच. १९६९ च्या अहवालात बरेचसे आरोप खरे निघाले. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी अहवाल दडपला नाही, छापला. आमच्या मते खरं वळण इथंच आहे: रुग्णालयांची बाहेरून पाहणी करणारी यंत्रणा त्यातूनच उभी राहिली.

पण सांगणाऱ्याचं रक्षण? त्यासाठी १९९८ चा कायदा यावा लागला, आणि तोही पुरेसा पडला नाही. मार्गारेट हेवूड या परिचारिकेनं ब्रायटनच्या एका रुग्णालयात वृद्धांची हेळसांड बीबीसीसाठी छुप्या कॅमेऱ्यानं टिपली. २००५ मध्ये ती दाखवली गेली. २००९ मध्ये रुग्णांची गोपनीयता मोडली म्हणून तिची नोंदणीच रद्द झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा शिक्षा एका वर्षाच्या ताकिदीवर आली. म्हणजे गप्प राहिलात तर दोष, आणि भलत्या वाटेनं बोललात तरी दोष.

अमेरिकेनं २०१० मध्ये घड्याळच लावलं. सरकारी पैसा घेणाऱ्या वृद्धसेवा केंद्रात गुन्ह्याचा रास्त संशय आला, तर कर्मचाऱ्यानं चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं. गंभीर इजा असेल तर दोन तासांत.

आता आपल्याकडे या. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतो. परिचारिकेनं कळवलंच पाहिजे, असं कलम त्यात नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत मात्र २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानं कळवणं प्रत्येकाला बंधनकारक केलंय, आणि न कळवणाऱ्याला शिक्षाही आहे.