पंप मिळतो, पण टिकत का नाही?

टाइप वन मधुमेह असलेल्या एखाद्या मुलाला देणगीतून इन्सुलिन पंप मिळाला की आपण फोटो लाइक करतो. पुढे तो पंप कपाटात गेला, मूल परत इंजेक्शनवर आलं, तर त्याचा फोटो कुणी टाकत नाही. ‘त्यांना झेपला नाही’ म्हणून विषय संपतो. मला हे उत्तर पटत नाही. थोडा इतिहास बघा.

1922 मध्ये टोरंटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. पुढच्याच वर्षी शोधकर्त्यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. पंपाची गोष्ट वेगळी. 1963 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केडिश यांनी बनवलेला पंप पाठीवरच्या सॅकएवढा होता. 1978 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देऊन दाखवलं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केलं की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे आणि किडनी वाचतात. मग पंपाला मागणी आली.

यंत्र खिशात मावलं, पण खर्च मावला नाही. नळी आणि सुई दर दोन-तीन दिवसांनी बदलायची, म्हणजे महिन्याला दहा ते पंधरा सेट. शिवाय इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या. पंपात फक्त झटपट उतरणारं इन्सुलिन असतं. नळी दुमडली तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. आपल्या एमआयडीसीत शिफ्टला उभ्या पोराची घामाने चिकटपट्टी सुटते, मशीनच्या आवाजात अलार्म ऐकू येत नाही. कंपनीने धंदा सोडला तर आणखी पंचाईत: 2017 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपला ॲनिमस पंप बंद करायचं जाहीर केलं.

आपल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतात. घरी दर तिसऱ्या दिवशी लागणारी सुई त्यात बसत नाही.

तळेगावकरांना हे वेगळं सांगायला नको. 1908 चा आपला काच कारखाना कुणा एका शेठजीच्या थैलीतून उभा राहिला नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, माणशी एकेक पैसा गोळा करून उभा राहिला. थोडं, पण नेमाने, हे त्याचं सूत्र होतं.

म्हणून मंडळांना आणि कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: पंप देताना पुढच्या पाच वर्षांच्या सेटची तरतूद आधी करा. ती जमत नसेल तर तेच पैसे इन्सुलिन आणि पट्ट्यांना द्या. मूल त्यावरही नीट वाढतं.