मालक मागच्या सीटवर: प्रायव्हेट जेटच्या पायलटला पैसे कशाचे मिळतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार.

मागच्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. म्हणजे लॅपटॉप उशाशी ठेवून झोपायचं आणि सर्व्हर पडला की रात्री अडीचला उठायचं. तीन रात्री फोन वाजलाच नाही. मग डोक्यात आलं, की मला पैसे मिळतात ते कामाचे की वाट बघण्याचे? हाच प्रश्न प्रायव्हेट जेटच्या पायलटांना कितीतरी वर्षं छळतोय. गोष्ट अमेरिकेतली आहे.

आधी एअरलाइनवाल्यांचं बघू. 1931 मध्ये त्यांनी युनियन काढली. 1932 मध्ये शिकागोच्या सेंच्युरी एअरलाइन्सने पगार कापले, तर पायलट थेट संपावर गेले. 1934 मध्ये सरकारच्या कामगार मंडळाचा एक निर्णय आला, तो आजही ‘डिसिजन 83’ म्हणून ओळखला जातो. मूळ पगार, त्यावर उड्डाणाच्या तासांचे पैसे, त्यावर मैलांचे पैसे. विमान जितकं वेगवान तितका तासाचा दर जास्त. आणि महिन्याला 85 तासांच्या वर उडायचं नाही. थोडक्यात, पगाराचं सूत्र ठरलं. मालकाचा मूड कसाही असो, सूत्र बदलत नाही.

कंपन्यांची स्वतःची विमानं उडवणारे मात्र या सगळ्याच्या बाहेरच राहिले. तिथे ना युनियन, ना सीनिऑरिटीची यादी. पगार मालक आणि पायलट यांच्यात बोलून ठरायचा. 1963 च्या ऑक्टोबरमध्ये विचिटा इथे पहिलं लिअरजेट उडालं आणि छोटं जेट ही कंपन्यांची हौस झाली. पण नोकरीचं स्वरूप तेच राहिलं. तासभर उडायचं, मग मीटिंग संपेपर्यंत विमानतळावर बसायचं. बॅगा उचलायच्या, कॉफीचं बघायचं. साहेबांचा प्लॅन बदलला की आपला रविवार गेला. तासाच्या हिशोबाने मोजलं तर हा माणूस फारसं कामच करत नाही! पण दिवस मोजा, मग कळतं.

आणि नोकरी टिकण्याची खात्री? 2008 च्या नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही आपापल्या जेटने. देशभर बोंब झाली. थोड्याच दिवसांत फोर्डने जेट विकायला काढली आणि जनरल मोटर्सने आपला विमान विभाग गुंडाळायचं ठरवलं. पायलटांची काय चूक होती? काहीच नाही.

पगाराचा विषय निव्वळ पैशाचा का नाही, ते सांगणारी एक घटना आहे. जरा जड आहे. 29 मार्च 2001. लॉस एंजेलिसहून एक चार्टर गल्फस्ट्रीम कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला निघालं, तेही उशिरा. अ‍ॅस्पेन डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथे रात्री उतरायला बंदी होती, त्यामुळे घड्याळ मागे लागलेलं. हवा खराब. दुसरीकडे उतरावं लागेल अशी शक्यता निघाली, तेव्हा विमान भाड्याने घेणारा ग्राहक भडकला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. 18 जण होते, सगळे गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्याच. पण कॅप्टनवर ग्राहकाचा दबाव होता, हेही अहवालात कारण म्हणून लिहिलं गेलं.

एअरलाइनच्या पायलटला 23-बी वरचा प्रवासी काय म्हणतो याने फरक पडत नाही. इथे पैसे देणारा दहा फुटांवर बसलेला असतो. अशा वेळी ‘साहेब, नाही जमणार’ म्हणायला जी हिंमत लागते, ती पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. माझ्या मते या नोकरीत महाग तीच आहे.

हे नातं थोडं बदललं ते एका गणितज्ञामुळे. रिचर्ड सँटुली हे मूळचे गणिताचे, नंतर गोल्डमन सॅक्समध्ये. 1984 मध्ये त्यांनी ओहायोची एक्झिक्युटिव्ह जेट ही कंपनी घेतली आणि 1986 मध्ये नेटजेट्स सुरू केलं. कल्पना साधी: अख्खं विमान नको, हिस्सा घ्या. 1/16 हिस्सा म्हणजे वर्षाला साधारण 50 तास. पायलटच्या बाजूने बघा, आता मागच्या सीटवर रोज वेगळा माणूस, आणि पगार त्याच्या खिशातून नाही तर कंपनीकडून. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी असं वेळापत्रक आलं. आणि एकाच छताखाली इतके पायलट जमले म्हटल्यावर युनियनही आलीच.

1998 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी 72.5 कोटी डॉलरला घेतली. पगाराच्या करारावरून भांडणं मात्र चालूच होती. 2005 चा करार कित्येक वर्षांच्या घासाघाशीनंतर झाला. 2015 मध्ये पुन्हा अडलं. मे महिन्यात ओमाहात बर्कशायरची वार्षिक सभा भरली, जिला शेअरहोल्डर जत्रेला जावं तसे जातात, आणि बाहेर युनिफॉर्ममधले पायलट फलक घेऊन उभे. जूनच्या सुरुवातीला नेटजेट्सच्या प्रमुखांनी पद सोडलं. डिसेंबरमध्ये पायलटांनी मतदान करून नवा करार मंजूर केला.

ज्यांचं विमान आजही एकाच मालकाचं आहे, त्यांचा पगार मात्र अजून बोलूनच ठरतो. चला, माझा फोन वाजतोय. पुढच्या भागात भेटू!