फुलांची देवघेव

नांदेड आणि लातूर या शहरांतील कित्येक घरी हल्ली दिवस उजाडतो तो फुलाच्या चित्राने. चहाचा पेला हाती येण्यापूर्वीच कोणा आप्ताने धाडलेला गुलाब भ्रमणध्वनीवर येऊन थांबलेला असतो. गच्चीवरल्या कुंडीत पहिली कळी उमलली, की तिचे छायाचित्र सातासमुद्रापलीकडे पोहोचावयास पळभरही लागत नाही. फेसबुक २००४ साली, व्हॉट्सॲप २००९ साली व इन्स्टाग्राम २०१० साली निघाले. तेव्हा ही चाल अगदी अलीकडची होय. परंतु फूल एकमेकांस देण्याची हौस पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा इतिहास वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

दसऱ्यास ज्याच्यावाचून मराठवाड्यातील दारास तोरण चढत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडलाच, आणि तिन्हीसांजेस उमलणारी गुलबक्षीही अमेरिका खंडातलीच. १४९२ साली कोलंबस अमेरिकेस पोहोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतास उतरला, आणि पुढे युरोपीय जहाजांबरोबर ही फुले इकडे आली. येथील लोकांनी त्यांना नावे दिली, देवघरात जागा दिली. आज झेंडूस कोणी परका म्हटले तर त्याची थट्टाच व्हावयाची.

ही देवघेव हातोहात होई. शेजारणीकडून मोगऱ्याची फांदी आणावयाची, तर ती केव्हा लावावी, पाणी किती घालावे, छाटणी कधी करावी, हेही फांदीबरोबर घरी येई. कळलावीचे फूल ज्वाळेसारखे देखणे, पण तिचा कंद विषारी, हे फूल दाखविणाराच सांगे. थोर ग्रंथही याच रीतीने घडले. १६७५ साली कोचीन येथे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी आपले वनस्पतिज्ञान डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यास दिले. त्यांचे नागरी लिपीतील निवेदन ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात छापलेले आहे. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्यांत वनस्पतीचे चित्र, नाव व गुणधर्म ही एकत्र दिलेली आहेत.

रूप तेवढे उचलले आणि स्वभाव मागे राहिला, म्हणजे काय होते, हे पाहण्यास नांदेडच्या गोदावरीकाठी उन्हाळ्यात जावे. पात्र जलपर्णीने झाकून जाते. ही वनस्पती ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फिकट जांभळा तुरा, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका! या रूपास भुलून शौकिनांनी ती आपापल्या हौदांत आणली. १८८४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या प्रदर्शनातून लोकांनी ती घरोघर नेली, असे सांगतात. त्या शतकाच्या अखेरीस ती बंगालातही शोभेची म्हणूनच आली, आणि तेथील तळी, कालवे व भाताची शेते तिने अशी व्यापली, की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतो. शहराचे सांडपाणी हे तिचे खत. प्रवाह मंदावला की ती पसरते, खालच्या पाण्यास प्रकाश व प्राणवायू मिळेनासा होतो आणि मासे गुदमरतात. छायाचित्रात मात्र तेच पात्र हिरव्या कुरणासारखे रमणीय दिसते. दुर्गंधी चित्रात उतरत नाही.

लातूरची कथाही पाण्याचीच, पण निराळी. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या गावी पिण्याचे पाणी रुळांवरून आले, तेथे दूरच्या पावसाळी मुलखातील हिरवळीचे चित्र पाहून अंगणात तशीच हिरवळ लावणे, हा शुद्ध अविचार होय. सदाफुली, कण्हेर, बोगनवेल थोड्या पाण्यावर फुलतात. (यांतली सदाफुली मादागास्करची पाहुणी, हेही ध्यानी असावे.) पण चित्राखाली पाण्याचा हिशेब सहसा कोणी लिहीत नाही.

असे असले तरी नव्या साधनास सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. मराठवाड्यातील वनस्पतींचा व्यवस्थित परिचय करून देणारा वि. ना. नाईक यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली निघाला. पण तो इंग्रजीत व अभ्यासकांसाठी, गृहिणीच्या हाती पडणारा नव्हे. आज बांधावरच्या अनोळखी फुलाचे चित्र पाठविले, तर जाणता मनुष्य तासाभरात त्याचे नाव कळवितो, आणि एखादी आजी त्याच फुलाचे आपल्या गावचे दुसरेच नाव सांगते. पावसाळा लागला की अशा चित्रांखाली एक जुना प्रश्न हमखास उमटतो: “हिची फांदी मिळेल का?”